प्रज्ञाताईंचं नववं प्रकरण

जुन्नरच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दावे असं तालुक्यातलं निम्मं भांडण माझ्या बोटांखालून गेलं. पण दोनशे पानांचा प्रबंध मी आयुष्यात एकदाच टाइप केला. तो प्रज्ञाताईंचा, एलएल.एम.चा, २००५ साली.

प्रज्ञाताई आळेफाट्याजवळच्या एका गावच्या, बौद्धवस्तीतल्या. गावाचं नाव त्यांनी प्रबंधात छापलंय. मी लिहीत नाही, मला अजून तिथल्या लोकांची कामं करायची असतात. वडील बाजीराव गवंडीकाम करायचे. पोरगी बी.ए. झाली त्याच साली, १९९७ला, गावचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं. कारभारी मंडळी बाजीरावांच्या दारात आली. पुढारी गेणभाऊ, तेच पुढं उपसरपंच झाले. "पोरगी शिकल्याली हाय, हिलाच उभी करा," म्हणाले. त्यांचा अंदाज सरळ होता. पोरगी लग्नाची आहे, वर्षभरात सासरी जाईल, तोवर सांगू तिथं सही करील.

ताई सह्या करायच्या, पण आधी कागद वाचायच्या. ग्रामसेवक घड्याळाकडं बघत बसायचा.

दुसऱ्या वर्षी त्यांनी सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय घातला. गावाला नळ येऊन चार वर्षं झाली होती, पण पाइपलाइन मारुतीच्या देवळापाशी थांबली होती. ती वस्तीपर्यंत न्यावी, एवढाच विषय. त्या महिन्याच्या सभेला नऊपैकी दोनच सदस्य आले, स्वतः ताई आणि म्हाताऱ्या कोंडाबाई. गणपूर्ती नाही, सभा तहकूब. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही.

मग तहसीलदारांकडं अविश्वासाचा ठराव गेला. कारण लिहिलं होतं, "सरपंच मासिक सभा घेत नाहीत."

ठरावाच्या दिवशी सात हात वर झाले. कोंडाबाई उठून म्हणाल्या, "तुमीच आला न्हाई आन तुमीच म्हनता सभा झाली न्हाई! लाजा वाटू द्या राव." ठराव मंजूर झाला, ताईंचं पद गेलं. ताई अपील घेऊन वरच्या दारी गेल्या. निकाल आला तो दोन ओळींचा. ठराव विहित बहुमतानं मंजूर झाला आहे, हस्तक्षेपाची गरज नाही.

तो कागद घेऊन त्या पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आल्या. झेरॉक्स हवी होती. मी हळहळलो तर म्हणाल्या, "संपतभाऊ, यांनी हात मोजले. कारण खरं का खोटं, हे तपासायचं काम कायद्यात कुणाचंय?"

मला काय ठाऊक? मी म्हणालो, "ते वकिलाला विचारा."

"विचारलं. त्यांना पण माहीत नाही."

त्याच जूनमध्ये त्यांनी पुण्यात एलएल.बी.ला नाव घातलं. लग्नाची स्थळं येत होती, ती परत गेली. आई जानकाबाई चिडायच्या, "किती शिकशील? सरपंचकी गेली ती गेली." ताई पहाटेची एसटी पकडायच्या. सनद मिळाली, जुन्नरला प्रॅक्टिस सुरू झाली. बार रूममध्ये बसायला लागल्या तसं सगळ्यांना वाटलं, आता मार्गी लागल्या. तर २००३ला पुन्हा पुणे. एलएल.एम.

"तालुक्याच्या कोर्टात एलएल.एम. काय करायचंय?" एका जुन्या वकिलांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"कोर्टात नाही करायचं काही. कायद्यालाच प्रश्न विचारायचाय, आणि तो तिथंच विचारता येतो."

विषय त्यांनी तोच घेतला, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत महिला सरपंचांवर आलेले अविश्वासाचे ठराव. सुट्टीच्या दिवशी एसटीनं, नाहीतर कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून त्या गावोगाव फिरल्या. नऊ बाया सापडल्या, म्हणजे इतर आठ आणि नववी ताई स्वतः. घोडेगावच्या वरच्या अंगाला चिमाबाई म्हणून होत्या, त्यांना दहा महिन्यांत उतरवलं होतं. संशोधनात नावं बदलतात, ओळख झाकतात, हे ताईंनी त्यांना समजावून सांगितलं. चिमाबाई भडकल्या.

"माझं नाव बदलू नको. सरपंच व्हते तवा बोर्डावर माझं नाव लावलं न्हाई त्यांनी. आता तू बी झाकती व्हय?"

ताईंनी आठही जणींकडून संमतीचे कागद करून घेतले आणि खरी नावं घातली.

मार्गदर्शक सर माणूस चांगले, पण पद्धतीचे पक्के. त्यांचे दोन आक्षेप होते. एक, बायांचं बोलणं इंग्रजीत भाषांतर करून घाला, मूळ मराठी नको. दोन, स्वतःचं प्रकरण काढून टाका, संशोधकानं तटस्थ असावं. ताई माझ्याकडं लाल पेननं खुणा केलेली पानं घेऊन आल्या. मी विचारलं, "मग काढू नववं?"

"काढायचं नाही. वर एक ओळ टाइप करा, प्रकरण नऊ, संशोधक स्वतः. लपवलं तर खोटेपणा. सांगून लिहिलं तर पुरावा. आणि मराठी आहे तशी राहू दे, बाजूला इंग्रजी घाला. त्या बाया इंग्रजीत बोललेल्याच नाहीत."

पण नवव्या प्रकरणाला कागद हवा होता, म्हणजे ग्रामपंचायतीचं सभेचं रजिस्टर. ग्रामसेवक आता नवा होता, पण उत्तर जुनंच, "रजिस्टर दाखवता येत नाही." ताईंनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला. उत्तर आलं, रजिस्टर सापडत नाही. त्यांनी अपील केलं. सुनावणीला गेणभाऊ मुद्दाम हजर राहिले, काहीएक संबंध नसताना.

"बाई, सात वर्षं झाली. सोडून द्या आता," ते बाहेर म्हणाले.

"सात हात होते गेणभाऊ. वर्षाला एक धरा."

आदेश झाला आणि आठवड्यात रजिस्टर सापडलं. पानं तशीच होती. सभेची नोटीस काढली, सही सरपंचांची. हजर सदस्य दोन. गणपूर्तीअभावी तहकूब. असं तीनदा, ओळीनं, त्याच जुन्या ग्रामसेवकाच्या अक्षरात. ती पानं मी स्कॅन करून प्रबंधाला जोडली तेव्हा ताई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या रडतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "पान जरा वाकडं आलंय, परत करा."

तोंडी परीक्षेचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नववं प्रकरण उघडून विचारलं, "तुम्ही स्वतः पीडित आहात. तुमच्या लिहिण्यावर मी विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका सर. परिशिष्ट वाचा, ते ग्रामसेवकानं लिहिलंय."

परीक्षकांनी पानं उलटली. बराच वेळ वाचलं. शेवटी म्हणाले, भाषा फार आक्रमक आहे. गुण कापले गेले, पहिला वर्ग थोडक्यात हुकला. पण एक ओळ बदला असं कुणी लेखी दिलं नाही, आणि तोंडी सांगितलेलं ताईंनी बदललं नाही.

पदवी आली. पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवायला बोलावणं होतं, त्या गेल्या नाहीत. जुन्नरलाच राहिल्या. महिन्यातून एकदा दोन्ही तालुक्यांतल्या सरपंच बायांना बोलावून त्या एवढंच शिकवायच्या, सभेला कोण आलं नाही ते त्याच दिवशी कसं लिहून घ्यायचं. मी त्यांच्यासाठी एक नमुना टाइप करून दिला. त्यानंतरच्या दोन ठरावांत बायांनी तो नमुना भरून आणला. एक ठराव पडला. दुसरा मंजूर झाला, त्याचं प्रकरण हायकोर्टात गेलं.

२००७ला त्यांच्या गावात पुन्हा निवडणूक लागली. वस्तीची जागा राखीव होतीच. ताईंनी अर्ज भरला तो देवळाजवळच्या खुल्या वॉर्डातून. त्यांचा फॉर्म मीच भरत होतो. माझ्या टेबलाभोवती लोक जमले. एक जण म्हणाला, "ताई, तिथं तुमाला आरक्षण न्हाई."

"बंदी पण नाही," ताई म्हणाल्या, आणि सहीसाठी पेन मागितलं.

एकोणीस मतांनी पडल्या. वस्तीचं त्या वॉर्डात एकही मत नव्हतं. म्हणजे त्यांना जी मतं मिळाली ती सगळी देवळाजवळच्या घरांतली, एकशे बेचाळीस. ताईंनी तो आकडा मला दोनदा वाचून दाखवला. मग घड्याळ बघितलं, काळा कोट चढवला आणि रस्ता ओलांडून कोर्टात गेल्या. अकरा वाजता तारीख होती.