अर्धंच सांगितलं

तिचं माहेर नदीपलीकडचं, म्हणून गल्लीत तिला ‘पलीकडची’च म्हणत. नवरा गेल्यावर घरात ती आणि धाकटा दीर, एवढेच उरले. ती शर्ट-पँट शिवून घर चालवायची. युद्ध पेटलं, नदीपलीकडचे शत्रू ठरले आणि रोजची गिऱ्हाइकं तिच्या दारावरून नजर चुकवून जाऊ लागली.

अशात छावणीतून बोलावणं आलं. कैद्यांची भाषा जाणणारं माणूस हवं होतं. साहेबांनी तिला खुर्ची दिली, ‘ताई’ म्हणाले. तिला बरं वाटलं.

समोरचा कैदी पेशाने बेकरीवाला. तो आडपडदा न ठेवता बोलला. आमच्या तोफा जुनाट आहेत, निम्म्या ऐनवेळी अडकतात. पण रसद चोख आहे, अगदी पुढच्या खंदकातही ताजा पाव पोचतो, दारूगोळाही तसाच.

तोफांचं ऐकून साहेबांची कळी खुलली. ती पुढे रसदीचं सांगू लागली, तशा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“माहेरच्यांचं फारच कौतुक दिसतंय,” ते म्हणाले.

तिने घाईघाईने शब्द फिरवले.

“नाही साहेब. चुकलंच माझं. खायला मिळत नाही, म्हणतोय.”

पुढे नदी ओलांडणाऱ्या तुकडीत दीर गेला आणि उजवा हात गमावून आला. ती त्याला भरवत असताना तो म्हणाला, “वहिनी, ते उपाशी आहेत, लगेच शरण येतील, असं सांगितलं होतं आम्हाला. खंदकात शिरलो तर तिथे मऊ पाव. भुकेले आम्हीच होतो.”

घास तिच्या हातातच राहिला.

सकाळी तिने छावणी गाठली आणि साहेबांपुढे सगळं ओकून टाकलं. शिक्षा झाली तर बरं, असंच तिला वाटत होतं. साहेब थकल्या आवाजात म्हणाले, “हल्ला आधीच ठरला होता. तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी तो झालाच असता.”

वाटेत तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला इतकी लाज वाटली, की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता दिराला सांगून टाकायचं, असं ठरवून ती घरी पोचली. दारात तो शेजारणीला ठणकावून सांगत होता, “माझ्या वहिनीने देशासाठी केलं तेवढं इथे कुणी केलंय?”

ती खाली मान घालून आत गेली. त्याच्या शर्टाची उजवी बाही दुमडून शिवायची होती, ती शिवत बसली. त्याला तिने कधीच सांगितलं नाही.