गुरुवारचा आवाज

ह्यांच्या हाताचा कंप थांबला आणि आवाज गेला, तेव्हा देवाचे आभार मानावेत की त्याच्याशी भांडावं, हेच मला कळेना. पार्किन्सनमुळे ह्यांना पाण्याचा पेलासुद्धा धरता येत नव्हता. मेंदूत बारीक तारा घालून छातीशी कातडीखाली बॅटरी बसवायची शस्त्रक्रिया झाली आणि थरथर थांबली. पण जीभ जड झाली. वारज्याच्या आमच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी प्रवचन करणारा माणूस घरात गप्प बसू लागला. ते बघून माझा जीव तुटायचा.

तरी तपासणीला गेलो की हे डॉक्टरांपुढे स्थिर हात धरायचे आणि हसायचे. आवाजाचं मीही सांगत नसे. दत्तमहाराजांकडे आम्ही स्थिर हात मागितला होता, तो मिळाला. आता आणखी मागणं म्हणजे हावरटपणा, असं दोघांनाही वाटे.

एकदा दवाखान्यात शेजारी वाघोलीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांनाही अशीच बॅटरी. ह्यांचं पुटपुटणं ऐकून त्यांनी चौकशी केली, तेव्हा मी आमचा संकोच सांगितला.

"अहो, देवाला मनातलं कळत असेल. डॉक्टरांना नाही कळत," त्या म्हणाल्या. "सांगा त्यांना. आमच्यांचं बोलणं सेटिंग बदलून सुधारलं."

त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं. आत गेल्यावर मी धीर करून सांगितलं. डॉक्टरांनी यंत्र हातात घेऊन बाहेरूनच विजेचा प्रवाह हळूहळू कमी करत आणला. "काका, बोलत राहा." काय बोलणार? ह्यांनी प्रवचनच सुरू केलं! एकेक शब्द सुटा होत गेला, पण उजवा हात पुन्हा किंचित हलू लागला.

"आवाज हवा तर हात एवढा हलणार. काय करू?" डॉक्टरांनी विचारलं.

"हलू दे त्याला," हे म्हणाले. इतकं स्पष्ट, इतकं ठाम! अभिमानानं माझा ऊर भरून आला.

शरण जाणं म्हणजे तोंड मिटून बसणं, असं मी समजत आले होते. आता वाटतं, हवं ते मोकळेपणी सांगावं आणि मिळेल ते डोक्याला लावावं. त्या बाईंना तिथे कोणी बसवलं, यावर मी वाद घालत नाही. रोज हात मात्र जोडते.

पुढच्या गुरुवारी हे मंदिरात बोलायला बसले. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, जरा मोठ्यानं!"

हे थांबले. "पुढच्या सतरंजीला व्यवस्थित ऐकू जातंय. या, तिच्यावर बसा."

सगळं मंदिर हसलं. मी पदर डोळ्यांना लावला. माझा माणूस परत आला होता.