टाकीमागची लाल चादर

दूध उतू जायच्या बेतात होतं, मुलीचा एक मोजा सापडत नव्हता आणि आमचे हे "निघायचं ना?" म्हणत नुसतेच दारात उभे होते, तेवढ्यात कडी वाजली. समोरच्या काकू. पायांत मुलाचे जुने बूट, पुढे कापडाचे बोळे कोंबलेले.

"तुम्ही आज राष्ट्रीय उद्यानातल्या शिखरावर जाताय ना? मलाही न्या."

"काकू, आणि गुडघे?"

"ते ठेवते घरी."

काकूंनी ते शिखर जन्मभर खिडकीतूनच पाहिलं. काका तिथल्या चौकीत असायचे. जंगलात कुठे धूर दिसतो का, हे दुर्बिणीतून पाहायची नोकरी. आठवडा-आठवडा खाली येत नसत, वर फोन लागत नसे. मग नवराबायकोनं आपली सोय काढली. गच्चीच्या पुढच्या दोरीवर लाल चादर दिसली की काकांनी घरी यायचं. "बाकीच्या बायका हाका मारतात, मी धुणं वाळत घालते," काकू म्हणायच्या. मुलगा तापानं फणफणला तेव्हा चादर लागली, सासूबाई गेल्या तेव्हा लागली. एरवी गच्चीवर लाल चिंधीसुद्धा जात नसे.

नव्या सुनेला हे सांगायचं राहून गेलं. तिनं हौसेनं माहेरची लाल चादर धुतली आणि टाकीमागच्या दोरीवर टाकली. त्या दुपारी काका जोडीदाराला "घरी जाऊन येतो" एवढंच म्हणाले आणि जवळच्या, घसरणीच्या वाटेनं निघाले. घरी पोचलेच नाहीत.

"सांगायचं माझं राहिलं, तुझा काय दोष?" काकूंनी किती समजावलं. सुनेच्या डोक्यातून जात नाही. ती गच्चीवर पाऊल टाकत नाही. कपडे खोलीतच वाळतात, घराला कायम ओलसर वास. सासू जेवली की नाही हे पाहते, पण तिच्या डोळ्यांत बघत नाही.

चढणीवर काकू दर वळणाला टेकत होत्या. ह्यांनी पाठीवर घेऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "तुझ्या बायकोला घे, तीच जास्त धापा टाकतेय." मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "सकाळी टाकीमागे लाल चादर टाकून आलेय. पुढची दोरी वरून दिसते, ते मला ठाऊक आहे. टाकीमागची दिसते का, तेवढं बघायचंय."

माथ्यावर वारा होता. चौकीला कुलूप. लोक फोटो काढत होते. काकूंनी ह्यांची दुर्बीण डोळ्यांना लावली, बराच वेळ फिरवली आणि माझ्या हातात दिली. "मोतीबिंदूत सगळं पांढरंच. तू बघ."

मी बघितलं. आमची गल्ली, गच्ची, काळी टाकी. आणि टाकीच्या कडेनं वाऱ्यावर हलणारी बोटभर लाल पट्टी.

"दिसते, काकू."

त्या दगडावर बसल्या. बुटांची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"म्हणजे पाहिलीच त्यांनी."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खालून शाळेची सहल चढत येत होती, पोरांचा गलका वाढत होता.

"एक कर," काकू म्हणाल्या. "सुनेला सांग, तू दुर्बिणीतून नीट बघितलंस, टाकीमागचं वरून काहीच दिसत नाही. माझं ती खरं मानणार नाही. तुझं मानेल."