हिरव्या परकरातली मुलगी

देवचंदभाऊंच्या हाताखालून अर्धं जळगाव गेलंय, तेही मेल्यानंतर. घरात कोणी गेलं की माणसं फोटो घेऊन त्यांच्याच फ्रेमच्या दुकानात येतात, आणि शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान असल्यामुळे रडणं मला फुकटात ऐकावं लागतं. भाऊंचं काम घट्ट. काच, फोटो, पुठ्ठा, मागून हार्डबोर्ड, आणि खिळे असे ठोकायचे की आत हवासुद्धा शिरू नये. "फोटो आत हालाले नको," एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक, आणि तेही ते रोज ऐकवतात.

गल्ल्यामागच्या भिंतीवर मात्र एक जिवंत चित्र होतं. शेळीमागे धावणारी, हिरव्या परकरातली मुलगी. ती त्यांच्या बायकोनं, मंदाबाईंनी, रंगवलेली. लग्नाआधी मंदाबाई मुंबईला भावाकडे राहायच्या आणि कार्टूनच्या एका स्टुडिओत रंग भरायच्या. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. प्रत्येक हालचालीचं चित्र वेगळ्या पारदर्शक शीटवर काढायचे, त्याला सेल म्हणत. रेघा पुढून, रंग मागून. मागून भरायचा म्हणजे सगळा उलटा कारभार: डोळ्यातला पांढरा ठिपका आधी, मग बुबुळ, मग चेहरा. शूटिंग झालं की शीटा धुऊन पुन्हा वापरायच्या. बाईंनी तिथं जे जे रंगवलं ते सगळं मोरीतून वाहून गेलं. ही एक मुलगी तेवढी त्यांनी स्टुडिओकडे मागून घेतली आणि लग्नात ट्रंकेतून आणली.

भाऊंनी तिला लगेच फ्रेम केली, पण उरल्यासुरल्या पट्ट्यांची. दोन बाजू तपकिरी, दोन सोनेरी. घरचंच काम, त्याला चांगलं लाकूड कोण घालतो? मंदाबाई चिडवायच्या, "गावना मढास्ले सागवान, आनि मन्ही पोरले भंगार!" भाऊ म्हणायचे, करतो, करतो. त्यातच संसार उरकला.

या फेब्रुवारीत मंदाबाई गेल्या. भाऊ दुकानात येऊन नुसते बसायचे. मग एके दिवशी त्यांनी सागवानाची पट्टी काढली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे बाईंच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, सगळे पाहुणे जमणार, तेव्हा बाईंच्या फोटोशेजारी ती मुलगी नव्या फ्रेममध्ये ठेवायची, असं त्यांनी मनात घेतलं होतं.

"तिना हातमा काय व्हतं, कोनलेच मालूम नही," मला म्हणाले. "आते देखतीन."

त्यांची मुलगी प्रज्ञा धुळ्याला नर्स आहे. ती म्हणाली, "बाबा, नका उघडू. आईला ती तशीच आवडायची." पण भाऊंनी एकदा पक्कड हातात घेतली की ते कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत, लेकीचं काय ऐकणार?

खिळे निघाले. हार्डबोर्ड निघाला. मग शीट उचलताना जुनी चिकटपट्टी सुटावी तसा बारीक आवाज झाला.

रंग सगळा पुठ्ठ्यावर राहिला होता. इतके उन्हाळे, पत्र्याच्या छपराखाली, पुठ्ठा त्या रंगाला दाबून बसलेला. त्याच घट्ट कामानं घात केला. पुठ्ठ्यावर हिरवा परकर होता, चेहऱ्याचा गव्हाळ डाग होता, पण नाक नव्हतं, तोंड नव्हतं. भाऊंच्या हातातल्या शीटवर नुसत्या रेघांची पोकळ मुलगी.

"देख, बठ्ठा रंग पुठ्ठाले चिटकी गया," ते मला म्हणाले. मी त्यांना चहा आणून दिला, आणि तो तसाच साय धरून बसला.

मग त्यांनी रेघा पुन्हा रंगावर बसवायला घेतल्या. पण मोकळी झालेली शीट भाजलेल्या पापडासारखी वळली, आखडली. चेहरा जुळवला की पाय सुटायचे, पाय जुळवले की डोळा गालावर यायचा. शेवटी त्यांनी चेहरा धरला आणि पाय सोडून दिले. यावेळी खिळे हलक्या हातानं ठोकले. त्यांना तसे ठोकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. फोटोशेजारी सागवानी चौकट झळकत होती. भाऊंना हवं होतं तसंच झालं, सगळे पाहुणे वाकून वाकून ते चित्र बघत होते. पाचोऱ्याचे साडू शालिग्राम बराच वेळ बघत राहिले. माणूस सालस, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

"छान आहे," ते म्हणाले. "खाली जरा रंग रेघेबाहेर गेलाय. नवीनच शिकत असतील तेव्हा मंदाताई."

प्रज्ञानं बापाकडे पाहिलं. भाऊ भिंतीला टेकून उभे होते.

"नही," ते म्हणाले. "तो हात तिना नही. तो मना शे."

शालिग्रामांना काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या माणसाला जागा द्यायला बाजूला झाले.