मोडलेल्या नावांचं गाव

लॉकडाऊनमध्ये भांडी साठतात तसे किस्सेही साठतात. परदेशातल्या आमच्या डँडेनॉन्गच्या फ्लॅटमध्ये भांडी आमचा रूम-पार्टनर मंदार घासायचा. किस्से दादाचे. आता दादा नाही, म्हणून मी सांगतो. मी नववीत शाळा सोडली, तेव्हा इतिहासात चूक निघाली तर ती माझी धरा.

*

दादा सॉफ्टवेअरवाला. त्याचा क्लायंट अमेरिकेत, नदीकाठच्या एका छोट्या शहरात. सकाळच्या कॉलवर सिस्टिम सुरू होईपर्यंत तिथली ब्रेंडाबाई त्याला शहराचा इतिहास सांगायची. पहिले लोक सपाट बुडाच्या नावांतून आले. त्या नावा प्रवाहाबरोबर जायच्या, उलट्या येत नसत. म्हणून उतरलं की नाव मोडायची आणि त्याच फळ्यांचं घर बांधायचं.

मंदार म्हणाला, "आपलंच की. पुण्यातला फ्लॅट विकायचा आणि इथे डिपॉझिट भरायचं."

*

गावाने पहिला तुरुंगही नावेच्या फळ्यांचा बांधला. पुरात तो कैद्यासकट वाहून गेला. काही दिवसांनी कैदी चालत परत आला आणि तुरुंग कुठे अडकलाय ते सांगितलं. गावाने त्याचे आभार मानले आणि त्याच्याचकडून तुरुंग पुन्हा बांधून घेतला.

मी कॉलमध्ये तोंड घालून विचारलं, पळाला का नाही?

ब्रेंडाबाई म्हणाली, "जेवण फक्त आमच्याच गावात मिळायचं."

*

शहर वसलं कसं? दोन भाऊ नावेतून लांबच्या बंदराला निघाले होते. थोरला वाटेत तापाने गेला. धाकट्याने त्याला काठावर पुरलं आणि मग तो तिथून हलेचना. मागून येणारे विचारायचे, इथे काय आहे? तो म्हणायचा, "भाऊ आहे." लोकांना वाटलं, दोघांनी मिळून जागा निवडलीय म्हणजे चांगलीच असणार. तेही उतरले.

दादा म्हणाला, "याला म्हणतात टाउन प्लॅनिंग."

*

हिवाळ्यात दादाला ताप आला. हॉस्पिटलमध्ये मला आत सोडलं नाही. नर्सने त्याच्यासमोर टॅब्लेट धरला. मी म्हटलं, दादा, ऊठ, ब्रेंडाबाईचा कॉल आहे. दुसरं काही सुचलंच नाही.

अस्थी मी घरून आणलेल्या स्टीलच्या डब्यात भरल्या. आईला त्या कृष्णेत सोडायच्या होत्या. विमानं बंद. डबा फ्रीजवर राहिला. मंदारने तेव्हापासून फ्रीजचा वरचा भाग पुसला नाही.

*

कंपनीला परत करायच्या आधी एका सकाळी दादाचा लॅपटॉप वाजला. ब्रेंडाबाई. तिला कळलं होतं. मी माझ्या इंग्लिशमध्ये विचारलं, त्या धाकट्याने भावाला घरी का नाही नेलं?

ती म्हणाली, "नाव उलटी जात नव्हती, हनी."

मी हे आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "तुमच्याकडचं पाणी वाहतं ना?"

*

तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या आत, तासभर, व्यायामाला जाता यायचं. सोबत एकच माणूस. डँडेनॉन्ग क्रीक, म्हणजे आमच्याकडचा ओढा, नियमात बसत होता. डबा गाडीत बाजूच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला. वाटेत पोलिसाने अडवलं. कुठे? म्हटलं, क्रीकवर. सोबत कोण?

"भाऊ."

त्याने वाकून आत पाहिलं. सीटवर डबा, डब्यावर पट्टा. मास्कमुळे चेहरा कळला नाही.

"ओके मेट. एक तास. मग दोघंही घरी."

येताना रिकाम्या डब्यालाही पट्टा लावला.