सिंधूताईचे हात

बळीराम बोलण्याच्या बाबतीत भारी कंजूष. उमरेडला जन्मभर बायकोच्या जोडीने हातमागावर बसला. खटखट मागाने करायची आणि बडबड सिंधूताईने, अशी त्या घरात वाटणीच होती. म्हणून सिंधूताईच्या ऑपरेशनाआधी नागपूरच्या कॅन्सरच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टर नूपुर यांनी दोघांना विचारलं, "आधी कधी भूल दिली होती का? काही त्रास?" तेव्हा उत्तरही सिंधूताईनेच दिलं.

"पित्ताचं आपरेशन झालं होतं. काई त्रास नाई झाला."

बळीराम खाली पाहत राहिला. त्रास झाला होता. पण तिला तो आठवत नव्हता आणि घरात कुणी तिला सांगितलाही नव्हता. शुद्धीवर आली ती भलतीच. नवऱ्याला ओळखेना, त्याचा हात झिडकारायची, आणि तिचे हात मात्र मागावर बसल्यासारखे हवेत सारखा सुताचा धोटा फेकत राहायचे. लेकीची, दीक्षाची, सोयरीक तेव्हाच जुळत होती. माय वेडी आहे असं पाहुण्यांच्या कानावर गेलं तर? बळीरामने सगळ्यांची तोंडं बंद केली. सिंधूताई हळूहळू ताळ्यावर आली, दीक्षाचं लग्न पार पडलं आणि ती गोष्ट पेटीच्या तळाशी गेली.

आता आतड्याचा कॅन्सर, आणि वय सत्तरीपुढे. एवढ्या मोठ्या ऑपरेशनातून ती वाचली आणि या वेळी कायमची परकी झाली, तर?

तिला रक्त तपासायला नेलं, तसा तो डॉक्टरांकडे परत फिरला. "म्याडम, एक सांगाचं राहिलं." आणि त्याने ते सगळं, हवेतल्या धोट्यासकट, सांगून टाकलं.

नूपुर रागावल्या नाहीत. "हे वेड नाही, काका. वयस्कर माणसांना ऑपरेशननंतर असा भ्रम होतो. बरं झालं सांगितलं." मागच्यासारखं गॅसवर न ठेवता या वेळी शिरेतून औषध देऊ, मेंदू किती झोपलाय ते मशीनवर पाहत मोजकंच देऊ, पाठीत बारीक नळी टाकून दुखणं थोपवू, असं त्यांनी समजावलं. "पण हमी नाही देत हं. कुणाला कोणती भूल मानवेल, हे छातीठोक सांगता येत नाही. जाग आली की त्यांना चष्मा लावा. आणि तुम्ही बोलत राहा, ओळखीचा आवाज कानावर पडू द्या."

बोलत राहा! बळीरामला घामच फुटला.

ऑपरेशननंतर खाटेपाशी बसून तो जन्मात बोलला नव्हता इतकं बोलला. मागाचं बोलला, शेजारच्या बकरीचं बोलला, दीक्षाच्या पोराचे प्रताप दोनदा सांगून झाले. तेवढ्यात सिंधूताईची बोटं हलली. चादरीवरून चाचपडत सरकू लागली, अगदी तेव्हासारखी. बळीरामने घाईघाईने तिला चष्मा लावला.

तिने चादरीचा काठ चिमटीत धरून डोळ्यांजवळ आणला.

"उसवला हाय," ती पुटपुटली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "अवो दीक्षाचे बाबा, काहून रडून राहिले? आन् कवापासून बडबडून राहिले! झोपू द्या ना मले जरासं."

बळीराम गप्प झाला. त्याने भीत भीत तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही.