कारणाचा रकाना

आमच्या खारघरच्या कॉलेजात सॉफ्टवेअर बघायला येणारा तो माणूस खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतो, "मॅडम, तुमी काहीतरी दाबलं असेल." परवा विद्यार्थ्यांची यादी उघडली की प्रोग्राम बंद पडत होता. शीळ घालत त्याने मला पाचदा कॉम्प्युटर बंद-चालू करायला लावला. मग त्याची शीळ थांबली. "काल मी डेटाबेसची नवी लायब्ररी फाइल टाकलेली," तो पुटपुटला, "जुन्या प्रोग्रामला ती झेपत नाय." त्याने जुनी फाइल परत बसवली आणि यादी उघडली. लगेच रिपोर्टात कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'वापरणाऱ्याची चूक', आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. पेनसुद्धा माझंच होतं! ते हिसकावून मी ती ओळ खोडली.

"मॅडम, तुमी लगेच पर्सनली घेता," तो म्हणाला.